दुसऱ्याचं बोलणं

मेहकरात जानेफळ रस्त्याकडच्या एका गल्लीत सुचिता लहाने राहायची. गल्लीतले लोक तिला ‘सर्वेवाल्या ताई’ म्हणायचे. त्यात चूक एवढीच होती, की सर्वेवाले घरात माणसं किती, खोल्या किती, नळ आहे का असं विचारतात. सुचिताचे प्रश्न निराळे असायचे. ऑफिसातून घरी आल्याबरोबर तुम्ही काय करता? साहेब टाकून बोलले, तर घरच्यांना ते कोण सांगतं, तुम्ही की तुमचा चेहरा? चांगली बातमी असली, तर सगळ्यांत आधी कोणाला सांगावीशी वाटते?

ती मूळची साखरखेर्ड्याची. वडील उकंडराव रिंढे हौशी शेतकरी. दर दोन-तीन वर्षांनी त्यांच्या डोक्यात नवीन काहीतरी शिरायचं. कधी रेशमाचे किडे, कधी मधमाश्या, कधी शेततळ्यातले मासे. ते सांगायला भर दुपारी ते शेतातून घरी यायचे, आणि सुचिताची आई हातातलं निवडण न थांबवता एकेक अडचण काढत जायची. पाहीन कोण? उन्हाळ्यात पाणी कुठून आनसान? मेले तं काय करसान? बहुतेक वेळा आईचंच खरं व्हायचं. त्यामुळे सुचिताच्या मनात लहानपणीच पक्कं बसलं, की घरात कोणी आनंदानं काही सांगितलं तर त्यातली खोट आधी हुडकायची. ते बाईमाणसाचं काम आहे, आणि मायेचंच काम आहे.

मानसशास्त्रात एम.ए. झाल्यावर तिचं लग्न झालं. नवरा देवानंद जानेफळचा, मेहकरला एका सरकारी ऑफिसात लिपिक. लग्नात तिचं आडनाव बदललं, पण डिग्रीचे कागद रिंढे नावाचेच राहिले आणि कितीतरी वर्षं पत्र्याच्या पेटीत पडून राहिले. मधल्या काळात तिनं शिकवण्या घेतल्या, कनिष्ठ महाविद्यालयात तासिकेवर शिकवून पाहिलं. मुलगी पूनम झाली, वाढली आणि अकरावीला अकोल्याच्या होस्टेलवर गेली. मग घरात दोघंच उरली.

देवानंद माणूस चांगला. व्यसन नाही, मारणंबोलणं नाही, पगार झाला की भाजीपासून फीपर्यंत सगळं वेळेवर. पण घरात त्याचं बोलणं अगदी मोजकं. मोटर लावली का. जानेफळहून मायचा फोन आलता का. जेवून घेतो. संध्याकाळी यायचा, हातपाय धुवायचा, टीव्हीवर बातम्या लावायचा आणि बातम्या देणाराच घरात काय ते बोलायचा. कोणी विचारलं तर सुचिता म्हणायची, “त्यायचा स्वभावच तसा हाय. मितभाषी.” तिला तसं मनापासून वाटायचं.

विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागानं नोकरदार माणसांच्या घरातल्या नात्यांवर एक अभ्यास हाती घेतला, तेव्हा तिच्या जुन्या सरांनी तिचं नाव सुचवलं. अभ्यासाच्या प्रमुख नीरजा मॅडम पुण्याच्या. त्यांना ठाऊक होतं, की त्यांची भाषा ऐकली की इकडची माणसं सावरून बसतात आणि ‘सगळं उत्तम आहे’ एवढंच बोलतात. म्हणून मुलाखती घेणारी माणसं त्यांनी इथलीच निवडली.

बुलढाण्याला प्रशिक्षण झालं. त्यात नीरजा मॅडमनी एक गोष्ट बराच वेळ समजावली. वाईट दिवसांत नवरा-बायको एकमेकांना कसा आधार देतात, याकडे सगळ्यांचं लक्ष असतं. पण परदेशात झालेल्या अभ्यासांत असं दिसलंय, की एकानं चांगली बातमी आणली तर दुसरा ती कशी घेतो, त्यावरही नात्याचं बरंच काही ठरतं. कोणी खूश होऊन खोदून खोदून विचारतो. कोणी नुसतं ‘बरं झालं’ म्हणतो. कोणी तिसराच विषय काढतो. आणि कोणी लगेच त्यातली अडचण दाखवतो. शेवटच्या माणसाचा हेतू वाईट नसतो, पण सांगणारा पुढच्या वेळी सांगत नाही.

सुचितानं हे व्यवस्थित समजून घेतलं. दुसऱ्यांनाही समजावून सांगितलं. आपल्या घराशी याचा काही संबंध असेल, असं त्या दिवशी तिच्या मनातही आलं नाही.

मॅडमनी दोन नियम घालून दिले होते. ओळखीच्या माणसाची मुलाखत घ्यायची नाही. मध्येच ओळख निघाली तर तिथंच थांबायचं. आणि ऐकलेलं कोणालाही सांगायचं नाही, घरी तर नाहीच. या नियमांखाली सगळ्यांनी सही केली. सुचितानं ‘सुचिता उकंडराव रिंढे’ अशी केली. ते नाव तिनं बऱ्याच वर्षांत लिहिलं नव्हतं.

काम तिला जमलं. माणसं तिच्याशी बोलायची. ती घाई करायची नाही आणि मध्येच आपलं पुराण लावायची नाही. एका तलाठ्यानं तिला सांगितलं, की तो ऑफिसातून निघाल्यावर रोज गावाबाहेरच्या हनुमानाच्या पारावर गाडी लावून बसतो, कारण डोक्यातला राग तसाच घेऊन घरी गेलं की पोरं लपतात. एका शिक्षिकेनं सांगितलं, की शाळेत दिवसभर हसून हसून गाल दुखतात, मग घरी हसायला होतच नाही. सुचिता ऐकायची, लिहायची, पाणी मागून प्यायची आणि बस धरून परत यायची.

हिवाळ्यात ती चिखलीला एका कार्यालयात गेली. तिथं निवृत्ती परिहार नावाचा लिपिक मुलाखतीला तयार झाला. गोलमटोल, बोलका माणूस. दुसऱ्या ऑफिसातून काही महिन्यांसाठी इथं पाठवलेला. दोघं मागच्या रेकॉर्डच्या खोलीत बसली. चहा आला. निवृत्तीनं घरचं सांगितलं, साहेबांचं सांगितलं, बीपीच्या गोळीचंही सांगितलं. मग सुचितानं विचारलं, “ऑफिसमध्ये तुमच्या सर्वात जवळचं कोण?”

“इथं कोनी नाई मॅडम. इथं मी पाहुना. आमचं खरं ऑफिस मेहकरले. तिथं आपला एक दोस्त हाय, देवाभाऊ. देवा लहाने. त्याच्याशिवाय मले करमत नाई पाहा.”

सुचिताचं पेन थांबलं. इथंच उठायला हवं होतं. नियम तिला पाठ होता. पण तिनं पेन खाली ठेवलं नाही, आणि उठलीही नाही. निवृत्तीला तिच्या ओळखपत्रावर रिंढे दिसत होतं. त्याला काहीच कल्पना नव्हती.

“लय भारी मानूस मॅडम. तो ऑफिसात नसला ना, तं त्या दिवशी कामच होत नाई. सायबाची नक्कल करते, तहसीलदाराची करते. फाईल हरपली म्हनून सारे टेन्शनमधी असले, तरी हा काहीतरी असं बोलते का लोक पोट धरून हसतेत. मायी बायको दवाखान्यात होती, तवा रोज संध्याकाळी माया जवळ येऊन बसे. नुसता हसवे मले.”

रोज संध्याकाळी. सुचिताला मागचा असाच एक महिना आठवला. त्या महिन्यात देवानंद उशिरा यायचा. विचारलं तर ‘काम व्हतं’ एवढंच म्हणायचा.

“तुम्ही एकमेकांना मनातलं सांगता?” तिनं विचारलं. हा प्रश्न यादीतलाच होता.

“सारं. तो विभागीय परीक्षा पास झाला ना, त्या दिवशी त्यानं साऱ्या ऑफिसले गरम जिलेबी खाऊ घातली. टेबलावर हात मारून गानं म्हनलं. मी म्हनलं, देवा, आधी घरी फोन कर, वहिनीले सांग. तं म्हन्ते, सांगीन सावकाश. मी म्हनलं काऊन बे? तं म्हन्ते, तिले सांगतलं का आनंदाची हवाच निंघून जाते. ती पहिले विचारीन, आता बदली कुठी होईन? त्यापेक्षा आज खाऊ दे गड्या जिलेबी.” निवृत्ती हसला. “बिचारी वहिनी चांगली असंन. मी काई पाह्यली नाई तिले. पन असते असं एकेकाच्या घरी.”

सुचितानं पुढचे प्रश्न विचारले की नाही, हे तिला नंतर नीट आठवेना. मुलाखत संपली. निवृत्तीनं फाटकापर्यंत येऊन तिला मेहकरच्या बसचं सांगितलं.

बसमध्ये खिडकीपाशी बसल्यावर तिला देवानंदनं परीक्षेचं सांगितलं तो दिवस आठवला. रविवार होता. तो कूलरची जाळी धूत होता. पाठमोराच म्हणाला, “ते परीक्षेचं झालं. पास झालो.” निकाल लागून बरेच दिवस झाले होते, हे तिला आज कळत होतं. ती दारात उभी राहून म्हणाली होती, “मंग आता बदली होईन का? पूनमच्या बारावीचं कसं करावं?” तो म्हणाला होता, “पाहू.” आणि पुन्हा जाळी धुवायला लागला होता.

सुचिता रडली वगैरे नाही. तिला आधी राग आला तो निवृत्तीचा, मग देवानंदचा. माणूस गावभर हसतो आणि घरी येऊन बातम्या पाहतो. मग देऊळगाव माळीच्या आसपास कधीतरी तिला आई आठवली, सुपातलं धान्य निवडत ‘मेले तं काय करसान’ म्हणणारी. त्यानंतर राग पहिल्यासारखा राहिला नाही, पण गेलाही नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं नीरजा मॅडमना फोन केला आणि जसं घडलं तसं सांगितलं. नाव ऐकूनही आपण थांबलो नाही, हेही सांगितलं. मॅडम रागावल्या नाहीत. ती मुलाखत अभ्यासातून काढून टाकायला त्यांनी सांगितलं.

“आणि मी जे ऐकलं त्याचं?” सुचितानं विचारलं.

“ते आता न ऐकलेलं करता येणार नाही. पण ते त्या माणसानं विश्वासानं सांगितलेलं आहे. त्यामुळे ते घरात वापरता येणार नाही. भांडणात तर मुळीच नाही.” मग त्या म्हणाल्या, “अवघड आहे. मला माहीत आहे.”

मग तिच्या आयुष्यातला एक विचित्र काळ सुरू झाला. तिला नवऱ्याविषयी एक गोष्ट ठाऊक होती आणि ती ठाऊक आहे हे दाखवायचं नव्हतं. तिनं ठरवलं, की निदान आपल्या बाजूचं तरी बदलून पाहावं. पण त्यासाठी त्यानं काही सांगायला हवं होतं आणि तो काही सांगत नव्हता. तिनं स्वतःच विचारायला सुरुवात केली.

“आज ऑफिसात काय विशेष?”

“ऑफिसात काय विशेष राह्यते?”

“तरी? काही चांगलं झालं असंन.”

“साहेबानं मायं फाईलवरचं नोटिंग वाचून शाबास म्हनलं.” तो चप्पल काढत म्हणाला.

“अरे वा! मंग तुम्हाले कसं वाटलं? अजून काय म्हनले साहेब? कोनकोन होतं तिथं?”

देवानंद एक चप्पल पायात ठेवून तिच्याकडे बघत राहिला. “तू मले बी तुया त्या प्रश्नात घेतलं काय?”

तिनं तो नाद काही दिवस सोडला, मग पुन्हा धरला. प्रशिक्षणात जे सहज वाटलं होतं ते स्वयंपाकघरात फार नाटकी वाटायचं. शिवाय सवय जबरदस्त. एकदा तो म्हणाला, “जानेफळचं सोयाबीन औंदा चांगलं हाय,” आणि तिच्या तोंडून निघूनच गेलं, “काढणीले पाऊस नाई आला पाह्यजे.” तिनं जीभ चावली. त्याच्या काही लक्षातही आलं नाही. त्याला तेच अपेक्षित होतं.

दिवाळीच्या आधी देवानंदच्या ऑफिसातले मुख्य लिपिक लक्ष्मीकांत काका निवृत्त झाले. निरोपाचा कार्यक्रम शनिवारी दुपारी, सगळ्यांनी बायकामुलांसह यायचं. लक्ष्मीकांत काकांनी स्वतः घरी फोन करून सुचिताला बोलावलं. देवानंद म्हणाला, “तू येऊन काय करशीन? भाषनं असतेत नुसते.” ती म्हणाली, “काकायनं बोलावलं. येते मी.”

हॉलमध्ये सूत्रसंचालन देवानंदकडे होतं. त्यानं माइक हातात घेतला आणि सुचिताला वाटलं, की हा कोणी वेगळाच माणूस आहे. तो सही करणारा साहेब झाला. पेन झटकणारा, पुन्हा झटकणारा, शेवटी दुसऱ्याचं पेन खिशात घालून जाणारा. तो अर्ज घेऊन आलेला म्हातारा झाला, ज्याला प्रत्येक टेबलावरून पुढच्या टेबलाकडे पाठवतात आणि जो फिरून पहिल्याच टेबलावर येऊन म्हणतो, “रामराम सायेब, तुमच्यासारखाच एक मानूस मघा इथं बसेल व्हता.” लक्ष्मीकांत काका डोळे पुसत होते. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. सुचितालाही हसू आवरेना. हसता हसता तिला जाणवलं, की नवऱ्याच्या बोलण्यावर आपण असं शेवटचं कधी हसलो ते आठवत नाही. शेजारची बाई म्हणाली, “तुमच्या घरी तं रोजचीच मजा असंन वहिनी.” सुचिता म्हणाली, “हाव.”

जेवणाच्या वेळी निवृत्ती आला. चिखलीहून तो नुकताच परतला होता. देवानंद पुरीभाजीचं ताट घेऊन सुचिताजवळ उभा होता. निवृत्तीनं तिला पाहिलं आणि लांबूनच हात केला. “अरे मॅडम! तुमी इथं कशा?”

देवानंद म्हणाला, “ही मायी मिसेस. कोन मॅडम?”

“मिसेस?” निवृत्ती हसला. “काऊन मजाक करतं बे. ह्या विद्यापीठाच्या मॅडम. चिखलीले मायी मुलाखत घेतली यायनं. चांगला तासभर बसलो…” बोलता बोलता त्याला आपण तासभर काय काय बोललो ते आठवलं असावं. मग “भाजी संपून राह्यली वाट्टे” असं काहीतरी म्हणून तो बाजूला गेला.

घरी आल्यावर देवानंदनं दार लावलं आणि उभ्यानंच विचारलं, “निवृत्तीनं तुले काय सांगतलं?”

“ते मले सांगता येत नाई.”

“मायाबद्दल सांगतलं ना?”

“तेही सांगता येत नाई.”

“म्हंजे सांगतलं. त्याचा चेहरा पाह्यला मी.” त्याचा आवाज चढला. लग्नानंतर तिनं तो आवाज फार कमी वेळा ऐकला होता. “तू माया ऑफिसातल्या लोकायले मायी चौकशी करून राह्यली?”

“मले ठाऊक नव्हतं तो तुमच्या ऑफिसचा हाय म्हनून. त्याले बी मी कोन ते ठाऊक नव्हतं. तुम्ही कधी नाव तरी काढलं का त्याचं घरात?”

“आता ठाऊक झालं ना? मंग सांग. मी नवरा हाय तुया.”

“हाव. तरी नाई सांगत.”

त्या क्षणी तिला एकच वाक्य बोलायचं होतं. तुम्ही जिलेबी ऑफिसात वाटली आणि मले कूलर धुताना सांगतलं. ते ओठावर आलं होतं. ते बोलली असती तर चौकशीचा आरोप तिच्यावरून उतरून त्याच्यावर गेला असता. पण ती बोलली नाही. पुढे कधी तिनं याचा विचार केला तेव्हा तिला दोन कारणं सापडली. एक म्हणजे तो नियम तिनं रिंढे नावानं सही करून घेतला होता, आणि लग्नानंतर त्या नावानं केलेलं दुसरं काही तिच्याजवळ नव्हतं. दुसरं म्हणजे ते वाक्य मोठ्यानं बोललं, की ‘आनंदाची हवा निघून जाते’ हे आपल्याविषयीचं बोलणंही खरं धरावं लागलं असतं. दोन्हींतलं मोठं कोणतं, हे तिला ठरवता आलं नाही.

देवानंद दुसऱ्या दिवशी सोयाबीनच्या काढणीसाठी म्हणून जानेफळला गेला आणि रजा टाकून तिथंच राहिला. सासूबाईंचा, झुंबरबाईंचा फोन आला. “काय झालं वं माय? देवा आला तवापासून तोंड उतरून बसला. भाकर बी धड खात नाई. तुमचं काई वाजलं काय?”

“वाजलं थोडं, मामी.” सासूला ती मामीच म्हणायची.

“कायच्याहून?”

“ते नाई सांगता येत.”

“बरं माय,” झुंबरबाई म्हणाल्या. “दोघंबी सारकेच. तो बी नाई सांगत.” आणि त्यांनी फोन ठेवला.

तिकडे निवृत्तीला चैन पडेना. तो एका दुपारी गाडी काढून जानेफळला गेला. मळणीयंत्राच्या धुराळ्यात दोघं मित्र बाभळीखाली बसले आणि निवृत्तीनं आपण काय काय बोललो ते शब्दाला शब्द सांगितलं. जिलेबीचं सांगितलं. हवा निघून जाते, तेही सांगितलं. “मायी चूक झाली गड्या,” तो म्हणाला. “पन वहिनीनं तोंडावर काईच दाखवलं नाई. मले वाटलं कोनी परकीच बाई हाय.”

देवानंदनं एवढंच विचारलं, “कधीची गोष्ट?”

“मागच्या हिवाळ्यातली.”

देवानंदनं मनात हिशेब केला. मागच्या हिवाळ्यापासून आजपर्यंत. मध्ये त्यांची भांडणं झाली होती. पूनमच्या होस्टेलवरून झालं होतं, त्याच्या भाचीच्या लग्नातल्या मानपानावरून झालं होतं. एकदा तो तिला म्हणाला होता, की तुला माझं काही चांगलं दिसतच नाही. त्या वेळीही ती गप्प बसली होती. तिच्या हातात एवढं मोठं हत्यार होतं आणि तिनं ते एकदाही काढलं नव्हतं. शेवटच्या भांडणात तर तो स्वतःच मागत होता.

तो दुसऱ्या दिवशी सकाळी परत आला. सुचिता अंगणात कपडे वाळत घालत होती. तो आत गेला नाही. दोरीच्या पलीकडे उभा राहिला.

“निवृत्ती आलता जानेफळले,” तो म्हणाला. “त्यानं सारं सांगतलं.”

“त्यानं सांगतलं असंन. मी नाई सांगतलं.”

“हाव. तेच म्हनून राह्यलो.” तो दोरीजवळ सरकला. “राग नाई आला तुले?”

“आला होता. लय आला होता.”

“मंग बोलली काऊन नाई?”

“ते बोलनं त्याचं होतं. माया जवळ ठेवेल होतं.”

देवानंद दोरीवरचा टॉवेल विनाकारण सरळ करत राहिला. सुचितानं उरलेले कपडे पिळले. मग बादली उचलता उचलता ती म्हणाली, “आता तुम्हाले ठाऊकच झालं तं सांगते. मले जिलेबी भेटाले पाह्यजे होती.”

त्याला हसू आलं, पण ते त्यानं पुरतं बाहेर येऊ दिलं नाही. “तू विचारलं असतं, बदली कुठी होईन.”

“विचारलं असतंच,” ती म्हणाली. “पन जिलेबी खाऊन विचारलं असतं.”

यानंतर घर पार बदलून गेलं, असं काही झालं नाही. देवानंद अजूनही बातम्या लावायचा. पण जाहिराती लागल्या की कधीकधी आवाज कमी करून एखादी गोष्ट सांगायचा. आधी त्या गोष्टी कोरड्या असायच्या, आवकजावकच्या. मग त्यात माणसं यायला लागली. एकदा त्यानं लक्ष्मीकांत काकांच्या जागी आलेल्या नवीन मॅडमची चाल करून दाखवली आणि लगेच लाजून पाणी प्यायला गेला. सुचितानंही खोटं कौतुक करणं सोडलं. तिला जे खरंच जाणून घ्यायचं असायचं तेवढंच ती विचारायची. अडचणी तिला दिसायच्याच, त्या काही दिसायच्या थांबल्या नाहीत. त्या ती दुसऱ्या दिवशी सांगायची. कधी त्याच दिवशी तोंडून निघून जायच्या, तेव्हा तो म्हणायचा, “निंघाली पाहा हवा,” आणि ती म्हणायची, “भरा परत.”

घरी सांगायला सुरुवात का केली, असं तिनं एकदा त्याला विचारलं. त्यानं आधी टीव्हीचा आवाज कमी केला. मग म्हणाला, “तुया जवळ ठेवलं का ते बाहेर जात नाई, हे समजलं. मले वाटे घरात बोललेलं सारं मायपर्यंत जाते, तुया मायपर्यंत जाते.” हे तिला नवीन होतं. वर्षानुवर्षं ती सासूला आणि आईला फोनवर रोजचं सगळं सांगत आली होती आणि त्यात तिला काही वावगं वाटलं नव्हतं. चांगली बातमी कशी घ्यायची, याचाच विचार ती वर्षभर करत बसली होती. हे कारण तिच्या यादीत नव्हतंच.

पुढच्या उन्हाळ्यात देवानंदला बढती मिळाली. या वेळी त्यानं ऑफिसातूनच फोन केला आणि आधी घरी सांगितलं. बदलीही झाली, आणि तीही लांब, पार मोताळा तालुक्यात, धामणगाव बढ्याला. म्हणजे सुचिताची भीती अगदीच पोकळ नव्हती. देवानंदनं तिथं खोली केली. शनिवारी यायचा, सोमवारी पहाटेच्या बसनं जायचा.

धामणगावचं ऑफिस लहान. साहेब आठवड्यातून एकदा येणारे, एक शिपाई कडूबा, तोही कानानं कमी. तिथं नक्कल करून दाखवायला कोणी नव्हतं. देवानंद संध्याकाळी खोलीबाहेर खुर्ची टाकून बसायचा आणि सुचिताला फोन लावायचा. कडूबाला ‘स्टॅम्प आन’ म्हटलं तर तो सायकलचा पंप घेऊन आला, ही गोष्ट त्यानं एवढी रंगवून सांगितली, की सुचिताला फोन कानावरून काढून हसावं लागलं. कडूबाची नक्कल करताना देवानंद बारीक आवाज काढायचा, मध्येच मागून बकऱ्या ओरडायच्या.

हे फोन तिच्यामुळे येतात की निवृत्ती जवळ नाही म्हणून येतात, हे सुचिताला सांगता आलं नसतं. नीरजा मॅडमच्या विभागात असं काही ठरवायचं असेल तर शेकडो माणसांना विचारावं लागतं आणि तरीही शेवटी ‘असू शकेल’ असंच लिहितात. एका घरापुरतं ते ठरवायची सोय नाही. तिनं त्याचा शोध घेणं सोडून दिलं.

पावसाळा सुरू झाल्यावर एका शुक्रवारी ती स्वतःच बस बदलत बदलत धामणगावला गेली. देवानंद स्टँडवर उभा होता. शेजारी कडूबा होता, तिची पिशवी घ्यायला आलेला. देवानंदनं ओळख करून दिली. कडूबानं हात जोडले आणि मोठ्यानं विचारलं, “मॅडम कोन्त्या खात्याच्या?”

“घरच्याच हायेत,” देवानंद त्याच्या कानापाशी ओरडून म्हणाला. स्टँडवरची चारदोन माणसं वळून पाहायला लागली. सुचितानं पिशवी कडूबाच्या हातात दिली आणि तिघं खोलीकडे चालू लागली.